लोककलावंतांचा कार्यक्रम तर ठरलाय, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शिकायचं वर्कशॉप नीट कसं करायचं?

पारावरची

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीचा दरवर्षी जानेवारीत तीन दिवसांचा महोत्सव असतो. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साडेतीनशे घरं, बाहेरचे धरून रोज सातआठशे माणूस जमतं. गेली कितीतरी वर्षं तेच चाललंय, एक दिवस ऑर्केस्ट्रा, एक दिवस मुलांचे डान्स, शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ आणि भाषणं. यावर्षी समितीत मी आणि अजून दोघीजणी नव्याने आलोय आणि आम्ही अक्षरशः भांडून एक दिवस लोककलेसाठी मागून घेतलाय. शनिवारी संध्याकाळी स्टेजवर कार्यक्रम आणि रविवारी सकाळी त्याच कलावंतांकडून वर्कशॉप, असं डोक्यात आहे.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. मागच्या वर्षी शेजारच्यांकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. सकाळी मंडळी आवराआवर करत होती आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा संबळ (काठ्यांनी वाजवायची चामड्याची जोडवाद्यं) वाजवणाऱ्या काकांच्या शेजारी जाऊन बसला. काकांनी काही न बोलता त्याच्या एका हातात सरळ काठी दिली, दुसऱ्या हातात ती टोकाला वाकडी असलेली काठी दिली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून संबळाच्या मोठ्या तोंडावर ती घासून दाखवली. तो घुमणारा आवाज आल्यावर पोराचा चेहरा असा झाला की काय सांगू. फार तर पंधरा मिनिटं चाललं असेल, पण त्यानंतर महिनाभर घरातला एकही डबा त्याने सोडला नाही. हाच मुलगा स्टेजवर कार्यक्रम चालू असला की माझ्या मोबाईलसाठी हात पुढे करतो. तेव्हा मला वाटलं की बघण्यापेक्षा हात लावायला मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आता प्रश्न. किती आणि कुठले कलाप्रकार बोलवावेत, एका संध्याकाळी सगळं दाखवायचं का थोडंच, वर्कशॉपला मुलं किती घ्यायची आणि वाद्यं कुठून आणायची, साउंडवाल्याला काय सांगायचं (आमचा साउंडवाला ऑर्केस्ट्राचा आहे, चांगला आहे पण त्याला सगळं मोठ्ठं लावायची सवय आहे), आणि एक नाजूक प्रश्न म्हणजे गोंधळ, जागरण हे देवाचे विधी, ते असे स्टेजवर करायला सांगणं बरोबर आहे का. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, आमच्याकडे दोन महिने आहेत.

ढोलकी_धूम

ताई, वीस वर्षं कलापथकात ढोलकी वाजवतोय, त्यामुळे स्टेजच्या या बाजूने सांगतो.

सगळ्यात आधी कलाप्रकारांची यादी कापा. लोक सात-आठ प्रकार मागतात, म्हणजे वासुदेव, गोंधळ, जागरण, लावणी, कोळीगीत, पोवाडा, शेतकरी नृत्य, सगळं दोन तासात. ते बघायला छान दिसतं पण प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि दहा मिनिटात पोवाडा म्हणजे शाहीर नुसता गण (सुरुवातीची देवाची स्तुती) म्हणून उतरणार, आख्यानाला हातच लागत नाही. तुम्ही तीन प्रकार घ्या आणि प्रत्येकाला पाऊण तास द्या.

दुसरं, फोन केला की पहिला प्रश्न हा विचारायचा की वाजवणार कोण, लाइव्ह आहे का ट्रॅक. खूप ग्रुप असे आहेत की मुलंमुली उत्तम नाचतात, कपडे झकास असतात, पण संगीत पेनड्राइव्हवर. मी त्यांना नावं ठेवत नाही, ती पोरं मेहनत करतात आणि शाहीर साबळ्यांनी लोकधारा स्टेजवर आणल्यापासून त्या पद्धतीच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रात मोठा प्रेक्षक आहे. फक्त रविवारी सकाळी वर्कशॉप कोण घेणार? पेनड्राइव्ह तर घेणार नाही. तुम्हाला शिकवणारा माणूस पाहिजे असेल तर वाजवणारा माणूसच शोधावा लागेल.

आणि लांब जाऊ नका. तुम्ही सांगली भागात आहात, म्हणजे हलगीच्या मुलुखात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, या पट्ट्यात कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं-कैचाळ (हलगीच्या जोडीला घुमणारं चामड्याचं वाद्य आणि झांजा) वाजवणारे लोक गावोगाव आहेत. पैलवान मैदानात उतरला की ते काय लयीत वाजवतात हे तुमच्या लोकांनी शंभरदा ऐकलंय पण कधी समोर बसून बघितलेलं नाही. त्यांना बोलवा. भजनी मंडळातला मृदंग वाजवणारा बोलवा. तुमच्याच तालुक्यातला एखादा पोरगा आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेला असेल (ती संस्था १९१७ पासून आहे, तिथून तयार होऊन आलेले मृदंगवाले, कीर्तनकार महाराष्ट्रभर पसरलेत), तो आनंदाने येईल. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती पोरांसमोर लावायला सांगा. ओला गोळा थापायचा, एक थाप मारायची, आवाज ऐकायचा, थोडी काढायची, परत थाप. मी बघितलंय, पोरं गोलात बसून श्वास रोखून ऐकतात आणि शेवटी तीच सांगायला लागतात, अजून थोडी काढा म्हणून. हेच कानाचं शिक्षण.

तिसरं, कातड्याची वाद्यं आहेत हे विसरू नका. दव पडलं की हलगी उतरते, म्हणजे कातडं सैल पडून आवाज बसतो, ती तापवावी लागते. हलगीवाले शेकोटीची जागा मागतील तेव्हा कपाळाला आठ्या घालू नका, मोकळ्यावर मंडपापासून लांब जागा द्या आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. तुमची जानेवारीची रात्र आहे, हे लागणारच. काहीजण आता फायबरच्या पानाची हलगी वापरतात, ती उतरत नाही, पण वर्कशॉपला तरी चामड्याची आणायला सांगा. तापवण्याआधी वाजवून दाखवा, तापवल्यावर वाजवून दाखवा, फरक पोरं आयुष्यात विसरणार नाहीत.

शाळेतल्या_बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि दोन वेळा असं वर्कशॉप केलंय. पहिलं पूर्ण फसलं, दुसरं जमलं. पहिलं का फसलं तेच आधी सांगते.

साठ मुलं होती आणि दिमड्या (हातात धरून वाजवायचे छोटे डफ) चार. वाघ्या-मुरळीच्या पार्टीतले एक मामा आले होते, जेजुरीकडचे, माणूस इतका गोड, पण त्यांनी एकाला शिकवेपर्यंत बाकीची एकोणसाठ मुलं मारामारी करत होती. तासाभराने मामाच दमले आणि मग त्यांनी आपलं गाणं म्हटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, झालं. मुलांना काय आलं? काही नाही. मला त्या मामांसमोर फार वाईट वाटलं, कारण त्यांनी सकाळपासून काही खाल्लंसुद्धा नव्हतं आणि त्यांना मनापासून शिकवायचं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं. एका वेळी पंधरा मुलं, पाऊण तासाची बॅच, सकाळी तीन बॅचेस आणि मध्ये कलावंतांना चहा आणि टेकायला वेळ. पहिली वीस मिनिटं वाद्याला हातच नाही. तोंडाने बोल आणि मांडीवर हात. धागे नति नक धिन, धागे नति नक धिन, आठ मात्रा, एवढंच. सगळी पंधरा मुलं एका लयीत आल्याशिवाय वाद्य द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आणि मग तीन मुलांमागे एक वाद्य, एकजण वाजवतो, दोघं मांडीवर धरतात, मग बदली. कुणीही रिकामं बसत नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता शोध सांगते. ज्याला एकही वाद्य लागत नाही आणि चाळीस माणसं एका वेळी करू शकतात असा प्रकार म्हणजे झील. पोवाड्यात शाहीर ओळ संपवतो आणि मागचे झीलकरी ती उचलून जी जी रं जी करत ताणतात ना, तेच. शाहिरांना सांगितलं होतं की तुम्ही आमच्या मुलांना तुमचे झीलकरी करा. त्यांनी आधी समजावलं की झील म्हणजे नुसतं ओरडणं नाही, शाहिराला दम घ्यायला मिळावा म्हणून मागच्यांनी सूर धरून ठेवायचा असतो, तो सोडला तर पुढची ओळ कुठून उचलायची हे शाहिराला कळत नाही. हे ऐकल्यावर पाचवीची पोरं अशी जबाबदारीने उभी राहिली! डफ कडाडला आणि मागून पंचेचाळीस पोरांची झील आली तेव्हा बाहेर उभे असलेले पालक चपला काढून आत आले. पोवाडा होता अफजलखानाच्या वधाचा. या प्रसंगावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा जुन्यातला जुना म्हणून ओळखला जातो, प्रसंग १६५९ चा. मुलांना इतिहासाच्या पुस्तकात हा धडा होताच, पण त्या दिवशी तो त्यांनी छातीतून म्हटला.

मोठ्यांसाठी वेगळी बॅच ठेवा हां. आयांना आणि आजोबांनाही शिकायचं असतं, मुलांच्या गर्दीत ते मागे राहतात. आमच्याकडे एका आजींनी येऊन जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यांना कुणी बोलवलं नव्हतं, त्या फक्त नातवाला सोडायला आल्या होत्या. असं काही आपणहून झालं तर वेळापत्रक बाजूला ठेवा.

माईक_टेस्टिंग

साउंडचं मी सांगतो, तेच काम आहे माझं.

ताई, तुमच्या साउंडवाल्याला पहिली गोष्ट सांगा की इको बंद. पोवाड्यात आणि भारुडात शब्द हाच जीव आहे, त्यावर इको टाकला की मागे बसलेल्याला नुसता गलका ऐकू येतो. दुसरं, संबळ आणि हलगी यांना जवळ माईक लावायची गरज बहुतेक नसतेच, उघड्या मैदानात सातआठशे माणसांना ते तसेच पोचतात. उलट तुणतुणं! बिचारं एकतारी, लाकडी नळकांडं, खाली कातडं, आवाज बारीक, आणि ते नेहमी मागे उभं राहतं आणि त्याला माईकच नसतो. पण सूर कोण धरतं? तुणतुणं धरतं. गाणाऱ्याला ते ऐकू आलं नाही तर तो संबळाच्या दणक्यात सुरावरून घसरतो आणि लोक म्हणतात गळा बसला. तुणतुण्याला स्वतंत्र माईक द्या, अगदी जवळ, आणि गाणाऱ्याच्या मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) ते भरपूर द्या. एवढं एक केलंत तरी कार्यक्रम अर्धा सुधारतो. ढोलकीला दोन माईक, एक शाईच्या (बारीक आवाजाच्या) बाजूला एक धूमच्या (जाड आवाजाच्या) बाजूला. गोंधळी, भारूडवाले फिरतात, वळतात, बसतात, त्यांना स्टँडच्या माईकसमोर बांधून घालू नका, कॉलर माईक नाहीतर हेडसेट द्या आणि ताज्या बॅटऱ्या घाला.

साउंड चेक दुपारी कलावंतांना घेऊन करा. ऑर्केस्ट्राला दोन तास चेक मिळतो आणि लोककलावंताला थेट स्टेजवर ढकलतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि मला ते पटत नाही.

वेळेचं पण बघा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात, तुमचा शनिवार त्यात आहे का ते आत्ताच पोलीस स्टेशनला विचारून घ्या. एका ठिकाणी मी साउंडला होतो, सत्कार आणि भाषणं पावणेदहापर्यंत चालली, शाहीर पाच वाजल्यापासून फेटा बांधून मागे बसलेले. डफ हातात घेऊन स्टेजवर आले आणि बारा मिनिटात माईक बंद करावा लागला. सत्तरीच्या पुढचा माणूस होता. मी केबल गुंडाळत होतो आणि ते फेटा सोडत होते, एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा भाषणं एक तर दुसऱ्या दिवशी ठेवा किंवा शेवटी ठेवा.

गोंधळीघरचा

मी नोकरी करतो पण घर गोंधळ्यांचं. आजोबा आणि चुलते घालायचे, मी सुट्टीत तुणतुणं धरायला जायचो. तुमचा नाजूक प्रश्न आहे त्यावर लिहितो.

स्टेजवर गोंधळ करायला हरकत आहे का? आमच्या घरातच दोन मतं होती. आजोबा म्हणायचे की कुळाचाराशिवाय गोंधळ नाही. चुलते म्हणायचे की लोकांनी बोलावणंच बंद केलं तर गळ्यातल्या कथा कुणाला सांगायच्या. मी दोघांना जवळून बघितलं आणि माझं मत असं झालं की दोन्ही चालतं, पण अर्धवट चालत नाही. म्हणजे मांडणी करणार असाल तर खरी करा. पाट, चौक, घट, वर पाच उसांचा मखर, दिवटी (तेलावरची मशाल) पेटवायची, आणि मग सगळ्या देवांना गोंधळाला बोलवायचं, तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा, गावागावचे. ती आवाहनं ऐकणाऱ्याला लांब वाटतात आणि आयोजक पहिलं तेच कापायला सांगतात. ते कापू नका. गोंधळ कशासाठी उभा राहतो ते त्यातच आहे. आणि मांडणी करायची नसेल तर सरळ सांगा की आज आम्ही गोंधळातलं आख्यान आणि गाणी सादर करतोय, विधी नाही. यात कमीपणा काही नाही. पण थर्मोकोलचा घट आणि बॅटरीवरची दिवटी घेऊन जय अंबे करायला लावू नका, म्हाताऱ्या माणसांना ते लागतं.

ठरवायचं कुणी? कलावंताने. त्यांना भेटायला जा, फोनवर उरकू नका. आमच्यात रेणुराई आणि कदमराई असे दोन गट, रेणुराईंची माहूरची रेणुका आणि कदमराईंची तुळजापूरची भवानी, आणि प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. तुम्ही घरी गेलात, बसलात, विचारलंत की काका तुमच्यात कसं असतं, तर ते स्वतःच सांगतील काय स्टेजवर करायचं आणि काय नाही.

दिवटीची काळजी घ्या. ती खरी ज्योत असते, वरून तेल घालत राहतात, आणि तुमचा मंडप कापडी. दिवटीवाल्याला मोकळी जागा, खाली लोंबणारं डेकोरेशन नको, बाजूला वाळूची बादली. आणि वर्कशॉपमध्ये मुलांना संबळ द्या, तुणतुणं द्या, पण दिवटी हातात द्या असं म्हणू नका.

तुमच्या निवेदकाशी पण आधी बोला. आम्हाला स्टेजवर बोलावताना "पूर्वी दारोदार मागत फिरणारे" असं म्हणलेलं मी स्वतः ऐकलंय, चुलत्यांच्या शेजारी उभा राहून. वासुदेवाला मुलांच्या फोटोसाठी गेटवर उभं करतात, तसंही करू नका. वासुदेव पहाटे येतो, गल्लीतून चालत येतो, दारात दान घेऊन त्या घरच्या पूर्वजांची नावं घेत दान पावलं म्हणतो. बोलवायचाच असेल तर रविवारी सहा-साडेसहाला वसाहतीतून फिरू द्या, लाउडस्पीकर नाही, निवेदन नाही, नुसते टाळ आणि चिपळ्या. लोक दारात येतील का? येतील.

पारावरची

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंय, मी समितीच्या मिटींगमध्ये मोबाईलवरून वाचून दाखवलं. दादा, तुमचं आवाहनं कापू नका वाचलं तेव्हा आमचे खजिनदार काका म्हणाले की आमच्याकडे पण वडिलांच्या काळात व्हायचा, आणि मग अर्धा तास तेच बोलत होते. आम्ही तीन प्रकार नक्की केलेत, हलगी, पोवाडा आणि गोंधळ.

आता अडलंय ते लावणीवर. मला चौथा प्रकार नको हे पटलंय, पण काहीजणांना लावणी पाहिजेच आणि काहीजण म्हणतात कुटुंबं असतात, नको. दोन्हीकडच्यांच्या डोक्यात एकच लावणी आहे, शिट्ट्यांची. काय करू?

पायात_चाळ

मी लावणी शिकलेय, गेली बारा वर्षं करते, म्हणून उत्तर देते.

ताई, तुम्ही वर्कशॉप करताय ना, मग लावणी स्टेजवर नको, रविवारच्या सकाळी घ्या. बैठकीची लावणी. गायिका बसून गाते आणि अदा करते, नाच नाही. एकच ओळ ती पाचदा घेते आणि पाचही वेळा वेगळा अर्थ काढते, एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा खरंच डोळ्यात पाणी. यमुनाबाई वाईकरांनी हीच बैठकीची लावणी आयुष्यभर गायली आणि २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्कशॉपमध्ये बायकांना एक ओळ द्या आणि ती तीन भावांनी म्हणायला सांगा. मी हे करून बघितलंय. ज्या बायका सुरुवातीला पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात त्याच शेवटी उठायला तयार नसतात. कुटुंबं असतात म्हणून नको म्हणणाऱ्यांना तिथे येऊन बसू दे, त्यांचं मत तिथेच बदलेल.

आणि कधी पुढे मागे नाचाची लावणी ठेवलीत तर दोन गोष्टी. स्टेजवर सैल गालिचा टाकू नका, दोन्ही पायांत मिळून कितीतरी किलोचे चाळ असतात, गिरकीत गालिचा सरकला की घोटा गेलाच. लाकडी फळ्या घट्ट ठोकलेल्या असल्या की पुरे, आवाजही त्याच चांगला देतात. आणि बायकांना कपडे बदलायला खोली द्या. मंडपामागे चादर लावलेला कोपरा नको, आतून कडी असलेली खोली, आरसा, दिवा आणि जवळ संडास. हे मागताना कलाकार बाईला लाजवू नका, तिने मागायच्या आधी दाखवा. कुठल्याही प्रकारच्या बायका आल्या, अगदी भारुडाच्या आल्या तरी हेच.

डोंगरवाट

थोडक्यात लिहितो. मी पालघर भागात नोकरीला होतो, तिकडचा तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य आणि त्यावरचा नाच, पुढच्या कुठल्यातरी वर्षी नक्की बोलवा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो. नाचणारे त्याच्याभोवती हात गुंफून फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. ते स्टेजवर चढवू नका, जमिनीवर मैदानात करा, तुमच्या लोकांना साखळीत घ्या. शिकवायची वेगळी गरजच पडत नाही, दोन फेऱ्यांत पाय आपोआप पडतात.

ढोलकी_धूम

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. स्टेजचं मानधन वेगळं आणि वर्कशॉपचं वेगळं, हे लेखी ठरवा. "आलाच आहात तर सकाळी जरा मुलांना शिकवा की" हे वाक्य आम्ही खूप ऐकलंय. शिकवणं हे जास्त कष्टाचं काम आहे. अर्धे आधी द्या, उरलेले कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री, पार्टी गाडीत बसायच्या आत. पार्टीत माणसं किती, कोण कुठून येणार, रात्री झोपायचं कुठे हे विचारा, कारण वर्कशॉपसाठी ते मुक्कामी राहणार, आणि थंडी आहे. आणि सत्कार करताना फक्त शाहिराचा करू नका, मागचा तुणतुण्यावाला, कैचाळवाला यांनाही नारळ द्या. तोच माणूस रविवारी तुमच्या पोरांना जीव लावून शिकवणार आहे.

पार्टी सापडत नसेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथून कलावंतांपर्यंत पोचता येतं. पण मी परत सांगतो, आधी तालुक्यात फिरा.

खंजिरी, दिमडी विकत घेणार असाल तर एक सूचना. जुन्या काळी घोरपडीचं कातडं चढवायचे, आता घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, कुणी अस्सल म्हणून दाखवलं तर हात लावू नका. बकऱ्याच्या कातड्याची घ्या, पोरांना उत्तम चालते.

पारावरची

महोत्सव होऊन दहा दिवस झाले. कळवायचं राहिलं होतं, ते आज निवांत लिहिते.

शनिवारी भाषणं ठेवलीच नाहीत. अध्यक्ष नाराज होते, पण त्यांना पहिल्या दिवशी वेळ दिली. हलगीवाल्यांनी सहा वाजता मैदानाच्या कडेला शेकोटी केली आणि तिथेच पन्नास पोरं जमली, कार्यक्रम तिथूनच सुरू झाला म्हणायचा. तुणतुण्याला माईक लावायला साउंडवाला तयार नव्हता, म्हणाला याचा कुठे आवाज असतो, तेव्हा मी म्हटलं दादा म्हणूनच लावा. लावल्यावर त्याने स्वतः गोंधळी काकांना येऊन सांगितलं की तुमच्या मॉनिटरमध्ये अजून देतो. गोंधळाची मांडणी खरी केली. उस खजिनदार काकांनी स्वतःच्या शेतातून आणले. आवाहनं पूर्ण घेतली, एकवीस मिनिटं झाली, मी घड्याळ लावलं होतं कारण मलाच भीती होती. कुणी उठलं नाही. एका गावचं नाव आलं की तिथल्या माहेरवाशिणी हात जोडायच्या, मग पुढच्या गावच्या, असं मंडपभर चाललं होतं.

रविवारी वासुदेव आले. मी सहाला दार उघडून उभी होते, धुकं होतं, लांबून नुसता टाळांचा आवाज येत होता आणि मग ती मोरपिसांची टोपी दिसली. त्यांनी माझ्या सासऱ्यांचं नाव विचारून घेतलं आणि दान पावलं म्हणताना घेतलं. सासरे जाऊन चार वर्षं झालीत. सासूबाई बराच वेळ उंबऱ्यातच उभ्या होत्या.

वर्कशॉपच्या चार बॅचेस केल्या, पंधरा-पंधराच्या. बाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी मांडीवर बोल. झीलेला त्र्याऐंशी माणसं उभी राहिली, त्यात आमचे अध्यक्ष पण होते. चुका पण झाल्या. संबळ एकच होतं आणि रांग मोठी झाली, शेवटच्या सात-आठ मुलांना दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, त्यातली एक मुलगी रडली. माझंच चुकलं, मी नंतर नावं वाढवून घेतली होती. बैठकीच्या लावणीला बाई मिळाल्या नाहीत वेळेत, पण पुढच्या वर्षीसाठी आत्ताच बोलून ठेवलंय.

आता मदत हवी आहे. गोंधळी काका स्वतःहून म्हणाले की एक आड एक रविवार दोन तास येतो, जायचा-यायचा खर्च आणि मानधन समितीने मंजूर केलंय, वाचनालयाची मागची खोली मिळालीय. त्या रडलेल्या मुलीचं नाव यादीत पहिलं घातलंय. अठरा मुलं आहेत, दिमड्या पाच आहेत, संबळ काकांचं स्वतःचं. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर भागात कुणाकडे दिमडी, हलगी, तुणतुणं नुसतं भिंतीला टांगून असेल, पान फाटलेलं असलं तरी चालेल, काका चढवून देतो म्हणालेत, तर इथे लिहा, मी येऊन घेऊन जाईन. आणि संबळाची ती वाकडी काठी लहान हाताला बसेल एवढी कुणी करून देतं का, तेही सांगा.

गोंधळीघरचा

ताई, काठ्या मी करून देतो, घरी चुलत्यांच्या आहेत त्यावर माप घेऊन. मुलांच्या कोपरापासून बोटापर्यंतची लांबी मोजून पाठवा, तीन-चार वयाची. आणि घरातलं एक संबळ आहे, आजोबांचं, लाकडी, दोन्ही तोंडं गेलीत. चुलत्यांना आज रात्री विचारतो.